नजरेची शिल्लक

काही वस्तूंना म्हातारपण येत नाही. कुणाच्या आजेसासूचा पितळी अडकित्ता आज दुकानाच्या काचेत मांडला, तर कालच बाजारात आलेली वस्तू समजून तरुण पोरं त्याची किंमत विचारतील. आणि दहा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं, सगळ्या घरादारानं मिळून पसंत केलेला सोफा आता पाहवत नाही. असं का होतं, हे शोधण्याचा पगार मिळणारी माणसं जगात फार थोडी होती आणि त्रिशला मगदूम त्यांतली एक होती.

पुण्यात बाणेरला तिची प्रयोगशाळा होती. तिथल्या फडताळांत अडकित्ता होता, तांब्या होता, कोल्हापुरी वहाणांचा जोड होता, वेताची एक खुर्चीही होती. पाहुण्यांना ते वस्तुसंग्रहालय वाटे. त्रिशला त्या वस्तूंना आपले परीक्षार्थी म्हणत असे.

त्यांची परीक्षा घेणारं यंत्र डॉ. केळुसकरांचं. केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याचे, पेशानं मेंदूचे डॉक्टर, आणि एकदा बोलायला लागले की समोरच्याचा चहा निवेपर्यंत थांबत नसत. त्यांचं म्हणणं असं की, माणूस डोळ्यांनी पाहतो हा आपला गोड गैरसमज आहे. आपण घरात पाऊल टाकतो तेव्हा समोर काय दिसणार याचा अंदाज मेंदूनं आधीच बांधलेला असतो. डोळ्यांकडून तो फक्त चुकलेलं तेवढं मागवून घेतो. दाराशी रोजच्या चपला असल्या तर तो ढुंकूनही बघत नाही, एखादी परकी चप्पल दिसली की मात्र खडबडून जागा होतो. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या या फरकाला केळुसकरांनी शिल्लक असं नाव दिलं होतं.

नवी वस्तू घरात आली की शिल्लक भरपूर असते. मेंदू ती वस्तू शिकत जातो तसतशी शिल्लक घटते आणि एक दिवस शून्यावर येते. त्या दिवसापासून वस्तू समोर असूनही दिसेनाशी होते, शिळी होते. पण अडकित्त्यासारख्या थोड्या वस्तूंची शिल्लक घटता घटता मध्येच थांबते आणि तिथेच राहते. त्यांच्या वळणात असं काही असतं की उजेड जरा कलला, माणूस जरा पुढे सरकला, की अंदाज पुन्हा किंचित चुकतो. चुकतो, पण खटकत नाही. अशा वस्तू वर्षानुवर्षं नव्या वाटतात.

कपाळाला बांधायचा एक हलका पट्टा मेंदूतले अतिशय क्षीण चुंबकीय बदल टिपायचा आणि ही शिल्लक पडद्यावर रेघेसारखी उमटायची. हजारो माणसांच्या अशा रेघांवर केळुसकरांनी एक प्रोग्रॅम शिकवून तयार केला होता. कुठलीही नवी वस्तू पुढची चाळीस वर्षं लोकांच्या नजरेत कशी राहील, हे तो एका दुपारात सांगायचा. त्यातून निघणाऱ्या आकड्याला बाजारानं टवटवी म्हणायला सुरुवात केली.

हेतू अगदी चांगला होता. वस्तू चालू असूनही नुसती शिळी झाली म्हणून माणसं ती फेकून देतात, ते थांबावं, एवढंच केळुसकरांना हवं होतं. आणि ते थांबलंही. टवटवी पाहिल्याशिवाय कंपन्या साधा चमचा काढेनात, आणि एकदा घेतलेली वस्तू नजरेतून उतरेना. घरात बसलं की हल्ली डोळे दमतात, अशी तक्रार काही लोक करत. त्यांना डॉक्टर चष्मा बदलून देत.

त्रिशलाचे आईवडील जयसिंगपूरला राहायचे. अण्णा, म्हणजे बाहुबली मगदूम, साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले. आई कुसुमावतीबाई हल्ली विसरायला लागली होती. माणसांची नावं अडायची, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जायचा. मिरजेच्या डॉक्टरांनी स्मृतीचा आजार सुरू झाल्याचं सांगितलं होतं, पण स्वयंपाकघरात आईचं काही बिघडलेलं नव्हतं. तिथे ती पूर्वीचीच होती.

आईचा मेंदू जागा राहायला हवा, असं त्रिशलाला वाटलं. तो जागा ठेवणारी माणसं तर आपणच. मग गेल्या दिवाळीत तिनं आईचं सगळं स्वयंपाकघर नवं करून दिलं. गुळगुळीत काळी शेगडी, जिला बटण म्हणून नव्हतंच, नुसता हात फिरवायचा. झाकण कुठे आणि डबा कुठे हे कळू नये असे एकसंध पांढरे डबे, लाटेच्या आकाराची पातेली. सगळ्यांची टवटवी नव्वदीच्या पुढे. जुनी भांडी तिनं गाडीत भरली आणि गांधी चौकातल्या दुकानात मोडीत घातली. आईनं सगळीकडून हात फिरवून सुरेख आहे म्हटलं, आणि आपण फार छान काम केलं अशा समाधानात त्रिशला पुण्याला परतली.

वैशाखात अण्णांचा फोन आला. अण्णा फोनवर कधी फार बोलत नसत. त्या दिवशी ते बराच वेळ हवापाण्याचं बोलले, तेव्हाच त्रिशलाच्या मनात पाल चुकचुकली.

"तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, आत जात नाही," अण्णा शेवटी म्हणाले. "काल मी विचारलं, का गं उभी? तर मला म्हणाली, त्या लोकांना विचारून या, मी जरा चहा करून घेऊ का म्हणून."

मग बाकीचंही हळूहळू बाहेर आलं. तिनं काळ्या शेगडीला पाट समजून तिच्यावर तळवा टेकला होता आणि हात भाजून घेतला होता. साखर समजून दुधात काहीतरी भलतंच घातलं होतं. आता अण्णाच पोळ्या लाटत होते आणि त्या कशा होत असतील हे सांगायची गरज नव्हती. आजारानं वेग घेतलाय, अशा माणसाला घरात ठेवणं धोक्याचं आहे, असं डॉक्टरांचं मत पडलं होतं. मिरजेजवळ अशा माणसांची काळजी घेणारं एक निवासस्थान होतं. तिथे जागा झाली होती. बेंदराचा सण तेवढा घरात होऊ दे, मग नेऊ, असं अण्णांनी ठरवलं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज इतका नीट होता की त्रिशलाला रडू आलं.

ती बेंदराच्या आदल्या दिवशी पोचली. दार आईनंच उघडलं.

"या की, बसा," आई म्हणाली. "ह्यांच्याकडं आलासा? येतीलच ते. मातीची बैलं आणायला गेल्यात."

त्रिशला बसली. आईनं पाणी आणलं, दोन्ही हातांनी पेला धरून, जसं पाहुण्याला द्यावं तसं. मग समोर बसून ती लेकीकडे टक लावून पाहू लागली. नाक, कान, कपाळ, सगळं निरखून झालं. आईनं तिला आयुष्यात इतकं मन लावून कधी पाहिलं नव्हतं.

"तुमचं नाक लई सुरेख हाय," आई म्हणाली. "आमच्या पोरीचं बी असंच हाय. पुण्याला असती ती."

त्रिशला सगळं पाणी प्यायली, कारण पेला हातात असेपर्यंत बोलावं लागत नव्हतं.

केळुसकरांनी तिच्याबरोबर पट्टा दिला होता. आईच्या मेंदूला अजून कितपत अंदाज बांधता येतात ते तरी कळेल, म्हणाले होते. संध्याकाळी त्रिशलानं केस मागे घ्यायचा पट्टा म्हणून तो आईला बांधला आणि हाताला धरून तिला स्वयंपाकघरात नेलं. हातातल्या पडद्यावर रेघ उसळली. शेगडी बघितली, उसळली. डबा बघितला, उसळली. वळून पुन्हा शेगडीकडे बघितलं, तर पुन्हा तेवढीच. दिवाळीपासून रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तू आईला आत्ता या क्षणी पहिल्यांदा दिसत होत्या. डॉक्टर म्हणतात ते खरंच आहे, असं त्रिशलाला वाटलं. रात्री पलंगावर पडून ती आईची बॅग भरताना काय काय घ्यावं लागेल याचा विचार करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं आपणहून पट्टा मागून घेतला. तो तिला आवडला होता. अण्णांनी पाटावर मातीचे बैल मांडले, हळदकुंकू वाहिलं. नैवेद्याला पुरणपोळी हवी, म्हणून बापलेकींनी मिळून डाळ शिजवली, गूळ घातला आणि पुरण आटवलं. आई दारात उभी राहून ते कौतुकानं पाहत होती. आता पुरण वाटायचं होतं. अण्णा स्टुलावर चढले आणि माळ्यावरून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं पुरणयंत्र काढून त्यांनी खाली ठेवलं.

मोडीतून ते तेवढं वाचलं होतं आणि त्यात कुणाचा शहाणपणा नव्हता. टवटवीवाल्या कंपन्या वस्तू काढायच्या त्या अख्ख्या जगासाठी, आणि पुरण वाटायचं यंत्र अख्ख्या जगाला लागत नाही. नवं मिळालं नाही म्हणून जुनं राहिलं होतं. पातेल्यावर पाय रोवून उभं राहणारं स्टीलचं पसरट भांडं, तळाला जाळी, मधून वर आलेला दांडा आणि फिरवायची मूठ. ते कुणी पहिल्यांदा घडवलं, कुणाला ठाऊक नाही. आईच्या लग्नाच्या वेळी जसं होतं तसंच ते आजही दुकानात मिळतं आणि त्यात एक रेष बदलावी असं कुणाला वाटलेलं नाही.

त्रिशला मूठ फिरवायला लागली. यंत्र डुगडुगलं, पुरण कडेनं वर आलं, खाली काही पडेना.

"सरक," आई म्हणाली.

ती कधी आत आली हे दोघांनाही कळलं नव्हतं. लेकीला कोपरानं बाजूला करून ती खाली बसली, एक पाय यंत्राच्या पायावर टेकवला, मूठ अर्धा फेरा उलटी फिरवली, आणि मग सुलटी. पुरण मऊ धारांनी खाली पडू लागलं. बारीक जाळी का नाही लावली, असं तिनं अण्णांना विचारलं. अण्णांनी लुगड्यातून दुसरी जाळी काढून दिली. आईनं न बघता हात मागे करून ती घेतली आणि बसवली.

"पुरण गरम हाय तवरच वाटायचं असतंय," ती म्हणाली. "गार झाल्यावर काय दगड वाटणार हाईस?"

त्रिशलानं पडद्याकडे पाहिलं. रेघ आडवी पडली होती. पट्टा सुटला असेल म्हणून तिनं तो चाचपला, तर तो जागच्या जागी होता. आई समोर पाहत होती, यंत्र तिच्या डोळ्यांपुढे होतं, आणि शिल्लक शून्य होती. आईला ते यंत्र दिसतच नव्हतं. दिसायची गरजच नव्हती.

इतकी वर्षं शून्याला त्रिशला नापास म्हणत आली होती. आता तीच आडवी रेघ तिनं नीट साठवून ठेवली. आईचा आजार खोटा नव्हता, तो पुढेही वाढणारच होता. नवं शिकणं तिच्या मेंदूला आता जमत नव्हतं, आणि ज्या शिकून कधी संपूच नयेत अशा वस्तूंच्या मध्ये तिला पोटच्या पोरीनं नेऊन उभं केलं होतं. तिच्या मेंदूला दिवसभर, प्रत्येक डब्यापाशी, तू कोण असं विचारावं लागत होतं. मग माणसांपर्यंत पोचेतोवर त्याच्यात त्राण कसं उरणार? आई स्वयंपाकघर विसरली नव्हती. ते तिच्याकडून काढून घेतलं होतं, आणि तेही गाडीत भरून, हौसेनं.

पोळ्या आईनं अण्णांच्या देखरेखीखाली केल्या. काळ्या शेगडीपाशी तिचे हात पुन्हा चाचपडले, पण पोळ्या झाल्या. नैवेद्य झाल्याबरोबर त्रिशला गांधी चौकात धावली. दुकानदार भला माणूस होता. ताई, मोडीचा माल आम्ही ठेवत नाही, तो त्याच महिन्यात भट्टीला गेला असणार, असं त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. ती घरी येऊन चपला न काढताच पायरीवर बसली. अण्णा शेजारी येऊन बसले. तिनं त्यांना सगळं सांगितलं, स्वतःला काही न वगळता. तू मुद्दाम केलंस का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि ती काही म्हणायच्या आत पोळ्यांचं ताट उचलून शेजारी द्यायला गेले.

सणाचं शेजारी पाठवायचं आणि शेजाऱ्यांनी भांडं रिकामं परत करायचं नाही, ही त्या गल्लीची रीत होती. रिकामं द्यायचं नाही म्हणून भांडं राहतं, आणि राहिलं की विसरतं. बोरगावेकाकूंनी पोळ्या घेतल्या आणि एक डबा आणून अण्णांच्या हातात ठेवला. कधीपासून तुमचा आमच्याकडे पडलाय, आता तरी न्या, म्हणाल्या. अण्णांनी तो तसाच आणून त्रिशलाच्या मांडीवर ठेवला. जाड स्टीलचा, झाकणाला कडी असलेला डबा. पोटावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं: सौ. कुसुमावती बा. मगदूम.

त्रिशलानं डबा हातात घेऊन दोनदा फिरवला. मग ती उठली.

"अण्णा," ती म्हणाली, "अजून कुणाकुणाकडे आपली भांडी अडकलीत?"

त्या दुपारी बापलेक गल्लीभर हिंडले. लोकांना आधी वाटलं, मगदूमअण्णांना या वयात हे काय सुचलं. मग कळलं, तशा बायका आपापल्या मांडणीवर चढल्या. कुणाकडे पातेलं निघालं, कुणाकडे ओगराळं, कुणाच्या कामट्यांच्या टोपलीत आईची सांडशी. उपाध्यांच्या सुनेनं वाट्यांचा जोड काढून दिला आणि इतकी वर्षं मागायला कसं कुणी आलं नाही म्हणून आम्ही गप्प बसलो होतो, असं हसत कबूल केलं. मिसळणाचा डबा दुसऱ्या दिवशी कुरुंदवाडला मावशीकडे सापडला. बटणांची जुनी शेगडी बोरगावेकाकूंच्या माळ्यावरच होती. ती आईची नव्हती, पण आईची होती तशीच होती, आणि हातांना तेवढं पुरलं.

मिरजेच्या जागेला अण्णांनी तूर्त नको म्हणून कळवलं. पुढे लागेलही, हे दोघांना माहीत होतं.

पुरणयंत्र पुण्याला न्यायला आईनं साफ नकार दिला, म्हणून त्रिशलानं दुकानातून तसंच दुसरं घेतलं आणि प्रयोगशाळेत परीक्षेला बसवलं. ज्यांनी जन्मात पुरण पाहिलं नव्हतं अशा परदेशी लोकांच्या नजरेतही त्याची चाळीस वर्षांची रेघ अडकित्त्याच्या बरोबरीनं वर राहिली. शेजारी तिनं आईची आडवी रेघ ठेवली. एकच वस्तू, परक्याला अजून नवी, आणि जिची आहे तिला असून नसल्यासारखी. केळुसकर दोन्ही रेघा बघत राहिले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा स्वतःचा चहा निवला. मग फडताळातल्या सगळ्या परीक्षार्थींना, त्या वस्तू रोज वापरणाऱ्यांच्या हातात देऊन, दोघांनी पुन्हा तपासलं. अडकित्ता, तांब्या, वहाणा दोन्ही कसोट्यांना उतरल्या. नव्या नव्वदीवाल्या वस्तू एकाच बाजूनं पास होत्या, त्या कुणाच्या अंगवळणीच पडत नव्हत्या. टिकणारी वस्तू आपल्याला पाहायला लावते आणि न पाहण्याची मोकळीकही देते, हे कळायला त्यांना इतकी वर्षं लागली होती. केळुसकरांनी टवटवीच्या शेजारी दुसरा आकडा छापायचं ठरवलं आणि त्याला विसावा म्हटलं. कंपन्या कुरकुरल्या, पण लोक दुकानात आधी तोच विचारू लागले.

पर्युषण संपल्यावर त्रिशला घरी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून गव्हाच्या खिरीचा, तिकडच्या हुग्गीचा, वास येत होता. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. आई पाठमोरी, शेगडीपाशी उभी होती. पट्टा त्रिशलाच्या पिशवीत होता, पण तिनं तो काढला नाही. आई आता वळेल, आपल्याकडे निरखून पाहील आणि या, बसा म्हणेल, या भीतीनं तिचं पाऊल आत पडेना.

आई वळली नाही. तिनं ओगराळं धरलेला हात तसाच मागे केला.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "हे हलीव जरा. खाली लागंल."

त्रिशलानं ओगराळं घेतलं. आई पदराला हात पुसत तिच्या शेजारून मोरीकडे निघून गेली. तिनं लेकीकडे एकदाही पाहिलं नव्हतं.